काकूंच्या दुधीचं बी: एका कडू वेलाचा तपास

प्रकार असा घडला. मिरजेच्या काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दुधीच्या बियांच्या पुड्या दिल्या. आठ घरी गेल्या. त्यांच्या माहेरचा, कवठेमहांकाळकडचा गावठी दुधी. लांबट, फिकट हिरवा, सालीवर बारीक लव, आणि शिजला की विरघळणारा. आमच्या बागवाल्यांच्या गटात या दुधीला मान होता. सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर आणि पुण्यातली काही घरं मिळून आम्ही वर्षातून दोनदा बियांची देवाणघेवाण करतो, एकदा संक्रांतीला आणि एकदा मृगाच्या आधी. कुणाकडून काय गेलं आणि त्याचं पुढं काय झालं याची वही माझ्याकडे असते, म्हणून हे लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. नावं मुद्दाम गाळली आहेत, ओळख गावावरूनच ठेवली आहे.

त्या उन्हाळ्यात कोथरूडच्या ताईंच्या गच्चीवर काकूंच्या बियांपैकी एकच वेल तगला. त्याचा पहिला दुधी त्यांनी सकाळी रसासाठी किसला. ताईंचे यजमान रोज दुधीचा रस घेणारे. घोट घेताच तोंड वाकडं झालं, तरी त्यांनी अर्धा पेला संपवला, कारण कडू ते औषधी हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. तासाभरात पोटात मुरडा आणि उलट्या सुरू झाल्या. दुपारी दवाखाना गाठला, रात्रभर सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, आणि संध्याकाळी ताईंचा गटाला निरोप आला: काकूंचं बी कुणी लावलं असेल तर त्याचं फळ खाऊ नका.

हे थोडक्यात निभावलं. काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या झाडांत कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. आपण खातो त्या वाणांतून ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळपास घालवलेली आहेत. ती परतली तर पोटाची आतली त्वचा होरपळते, रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. यावर खास उतारा असा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा जिभेला लावून बघा आणि कडू असेल तर फेकून द्या, हा तिचा साधा सल्ला. २०१८ मध्ये पुण्यातच एका महिलेचा असाच मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. जर्मनीत २०१५ साली घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. मीठ लावून, पिळून, पाण्यात ठेवूनही पूर्ण जात नाही. साऱ्या तीर्थांत बुचकळून आणलेला कडू भोपळा कडूच राहिला, ही कीर्तनातली गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. स्वयंपाकघरात मात्र ती कुणाला आठवत नाही.

कोण कुणावर शंका घेतो

निरोप आल्यावर पहिला आरोप झाला तो कारल्यावर. ताईंच्या गच्चीवर दुधीच्या शेजारीच कारल्याचा वेल होता. "कारल्याशेजारी दुधी लावायचाच नसतो, कडू होतो," असं तीन-चार जणांनी छातीठोकपणे सांगितलं. हा समज इतका पक्का आहे की बाजारात बी विकणारेही सांगतात. तो चुकीचा आहे. कारलं आणि दुधी एका कुळातले असले तरी त्यांची जात वेगळी, वंश वेगळा. कारल्याचा पराग दुधीच्या फुलावर पडला तरी त्यातून काही निष्पन्न होत नाही. लाल भोपळ्याचंही तसंच. दोघांनाही आपण भोपळाच म्हणतो, पण दुधी आणि लाल भोपळा यांचा एकमेकांशी संकर होत नाही.

दुसरा आरोप उन्हाळ्यावर. यात तथ्य आहे, कारण पाण्याचा ताण पडला की काकडीत कडूपणा वाढतो, हे लावणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. एप्रिलमध्ये पुण्याची गच्ची तव्यासारखी तापते. इचलकरंजीच्या दादांनी मात्र फार उपयोगी गोष्ट सांगितली. त्यांनी काकूंचे दोन वेल एकाच कापलेल्या पिंपात लावले होते, एकाच मातीत. पाणी एकाच झारीचं, खत एकाच घमेल्यातलं. त्यातल्या एका वेलाचे दुधी त्यांच्या घरात आठवडाभर चवीने खाल्ले गेले. दुसऱ्या वेलाचा पहिला दुधी त्यांच्या आईने चिरताना सवयीप्रमाणे देठाकडची चकती चाखली आणि थू करून टाकून दिली. त्या वेलावरचं पुढचं प्रत्येक फळ कडू होतं. ऊन दोघांवर सारखंच पडत होतं.

युरिया जास्त पडला असेल, ही तिसरी शंकाही याच पिंपाने निकालात काढली.

मग शंका पोहोचली ती काकूंवर. उघडपणे कुणी बोललं नाही, पण "पुड्या भरताना काही मिसळलं असेल का हो?" असे प्रश्न यायला लागले. एका सदस्याने तर "काकूंनी आधी स्वतः खाऊन बघायला हवं होतं" असंही लिहिलं. काकू दुखावल्या. त्या सरळ म्हणाल्या, "अहो, त्या वेलाचे दुधी आम्ही श्रावणभर खाल्ले. शेजारीपाजारी वाटले. एकही कडू नव्हता. बियांसाठी जो ठेवला तो त्याच वेलावरचा." त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं वाटतं ते याचमुळे. ज्या वेलाचा प्रत्येक दुधी गोड होता, त्याच वेलाच्या बियांतून कडू वेल निघाले.

मी वहीत सगळ्यांकडून माहिती घेतली. आठ पुड्यांपैकी चार घरांत पेरणी झाली, आणि काकूंनी स्वतःही त्याच फळाचं बी लावलं. सांगलीचा वेल लाल भुंग्यांनी कोवळेपणीच खाऊन टाकला. फळावर आलेले वेल एकूण आठ: कोथरूडचा एक कडू, इचलकरंजीच्या दोनांपैकी एक कडू, कोल्हापूरचे दोन्ही गोड, आणि काकूंच्या परसातल्या तीनांपैकी एक कडू. काकूंनी तो उन्हाने बिघडला असं समजून कधीच उपटून टाकला होता. म्हणजे एकाच फळाचं बी, पण आठांत तीन कडू. पाणी, माती, गाव यांपैकी कशाशीही त्याचा मेळ बसत नव्हता.

फळाचा आकार

धागा सापडला तो दादांनी पाठवलेल्या फोटोत. पिंपातल्या गोड वेलाचा दुधी काकूंच्या दुधीसारखा सरळ, लांबट होता. कडू वेलावरचा मात्र बुडाशी फुगलेला आणि वर मान काढलेला. ताईंनी आपला फोटो काढलाच नव्हता, पण "जरा गोलसर होता, मला वाटलं पाणी जास्त झालं" असं त्यांना आठवलं. दादांचा फोटो बघून काकू म्हणाल्या, "हा तर तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा दिसतोय."

मिरजेत असं कुणी म्हणालं की ते सहज घेता येत नाही. इथे तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांची घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. तिथले शेतकरी खास वाद्यांसाठी ते पिकवतात. वारकऱ्याच्या खांद्यावरच्या वीण्याचा भोपळाही त्याच जातकुळीतला. हा भोपळा जात्याच कडू. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि साल जाड असल्याने वाळला की टणक होतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो आणि आपला भाजीचा दुधी ही एकच जात आहे. दोघांची फुलं एकमेकांना पूर्ण चालतात.

काकूंच्या परसाच्या भिंतीपलीकडे अशाच एका कारागिराचं घर आहे. मी गेलो तेव्हा अंगणात भोपळे उतरलेले होते, काही दोरीने टांगलेले, काही पोत्यावर. कारागीर भोपळ्याला करवतीने गोल छेद देतो, झाकण निघतं, आणि आतला वाळलेला, चिपाडासारखा गर बियांसकट खरवडून काढतो. बिया खुळखुळत खाली पडतात. तो कचरा भिंतीलगतच्या खड्ड्यात जातो. त्याआधीच्या पावसाळ्यात त्या खड्ड्यातून एक वेल उगवला होता आणि भिंतीवर पसरला होता. "आला होता की, भिंत झाकली होती सगळी. दोन-चार भोपळे लागले, पण आमच्या उपयोगाचे नव्हते, लहान राहिले," असं कारागीर म्हणाले. आपल्या कचऱ्यातून एवढं रामायण झालं हे कळल्यावर त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी हात जोडले. दोष त्यांचाही नव्हता.

संध्याकाळी काय होतं

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. पांढरं, मऊ, हात लावला तर लगेच काळवंडणारं. सकाळी ऊन चढलं की मिटतं. त्याच वेलावर नराची फुलं वेगळी आणि मादीची वेगळी. नराचं फूल लांब, सडसडीत देठावर असतं, मादीच्या फुलामागे बोटाच्या पेराएवढा इवलासा दुधी आधीच दिसतो. पराग आपोआप उडत नाही, तो कुणीतरी न्यावा लागतो. अंधार पडता पडता मोठे पतंग येतात, एका फुलावरून दुसऱ्यावर, आणि भिंत त्यांना दिसत नाही. काकूंच्या मादीफुलांवर त्या संध्याकाळी स्वतःच्या वेलाचा पराग पडला आणि भिंतीपलीकडचाही.

आता गोड फळातून कडू बी कसं, ते. दुधीचा गर आणि साल हे सगळं आईचं अंग असतं. त्यात बापाचा वाटा शून्य. पराग कुठूनही आलेला असो, फळाची चव आईच्या वेलाची. म्हणून काकूंचे सगळे दुधी गोड होते, आणि त्यांनी कितीही चाखून बघितले असते तरी काही कळलं नसतं. बापाचा वाटा असतो फक्त बीच्या पोटातल्या गर्भात. ते बी पुढच्या हंगामात पेरलं, वेल झाला, त्याला फळ धरलं, तेव्हा कुठे तो वाटा जिभेवर येतो. आणि दुधीत कडूपणाचा गुण वरचढ असतो. एका बाजूने जरी आला तरी फळ कडू.

एका फळात शेकडो बिया असतात आणि प्रत्येक बीला तिचा स्वतःचा परागकण लागतो. एकाच फुलावर दोन-तीन वेलांचा पराग पडला तर एकाच फळात वेगवेगळ्या बापांच्या बिया शेजारीशेजारी बसतात. आठांत तीन हा आकडा इथून आला. कोल्हापूरच्या पुडीत नशिबाने काकूंच्याच वेलाच्या बिया गेल्या, कोथरूडच्या पुडीत भिंतीपलीकडची एक गेली.

सरकारी निकषांनुसार प्रमाणित बियाण्यासाठी दुधीच्या दोन वाणांत किमान ५०० मीटर अंतर लागतं. मिरजेच्या गल्लीत ५०० मीटरमध्ये निम्मं गाव येतं. म्हणजे शहरात, परसात, गच्चीवर उघड्यावर धरलेल्या दुधीच्या बीची खात्री कुणालाच देता येत नाही, मग तो देणारा कितीही प्रामाणिक असो.

पुढं काय केलं

कडू वेल त्याच आठवड्यात मुळासकट उपटले गेले. न पेरलेल्या चार पुड्या परत मागवल्या, त्यांतली एक परत आली नाही. ज्यांच्याकडे आहे त्या बाई "मी लावणार नाही, काळजी करू नका" म्हणतात. मला त्या पुडीची काळजी आहेच.

वाद झाला तो कोल्हापूरच्या दोन गोड वेलांवरून. तिथे आसपास दुसरा दुधी नाही, वेल गोड आहे, मग बी धरायला काय हरकत? कडूपणा वरचढ असेल तर गोड वेलात तो लपून बसू शकत नाही, हा युक्तिवाद बरोबर वाटतो. पण दुधीच्या संकरांत दोन गोड वाणांपासून कडू संतती निघाल्याच्या नोंदीही आहेत, म्हणजे गुणांचा हिशेब एका जोडीत संपत नाही. मी म्हटलं, घरी लावा, चाखून खा, पण बी दुसऱ्याला देऊ नका. ते त्यांना पटलेलं नाही. गटाने माझ्या बाजूने कौल दिला, पण तो सर्वांच्या मनापासूनचा नव्हता.

काकूंचा वाण बुडाला नाही, याचं श्रेय त्यांच्याच जुन्या सवयीला. दर दोन-तीन वर्षांनी त्या थोडं बी राखेत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवतात. भिंतीवरचा वेल उगवला त्याच्या आधीच्या वर्षीचा डबा शाबूत होता. दुधीचं बी नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं. त्याच बियांवर मृगानंतर चार वेल धरले, आणि या वेळी फुलं बांधली.

फुलं बांधण्याचं काम अवघड नाही, वेळेवर करावं लागतं इतकंच. दुपारी चार-पाचच्या सुमारास उद्या नव्हे, आज उमलणार अशा कळ्या ओळखायच्या: टोकाशी पांढऱ्या, सैल झालेल्या. नराच्या आणि मादीच्या अशा दोन्ही कळ्यांची टोकं दोऱ्याने हलकेच बांधायची, म्हणजे पतंगाला आत जाता येत नाही. अंधार पडताना नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे काढायच्या, मादीच्या कळीचा दोरा सोडून तिच्या तीन पाळ्यांच्या मुखावर पराग फिरवायचा, आणि मादीचं फूल पुन्हा बांधून टाकायचं. देठाला रंगीत लोकर गुंडाळायची, म्हणजे हा दुधी बियांचा, भाजीत जाऊ द्यायचा नाही. काकूंची नात हे काम सगळ्यात नीट करते. पहिल्या काही फुलांचे दुधी पिवळे पडून गळाले, मग धरले. बांधलेला दुधी वेलावरच वाळू द्यायचा, हलवला तर आत बिया वाजल्या पाहिजेत.

देणंघेणं बंद करावं का

एक सूचना अशी आली की आता भाजीपाल्याचं बी एकमेकांना देणंच थांबवावं, सगळ्यांनी पाकीटबंद घ्यावं. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला होता. माझा तिला विरोध होता आणि आहे. पाकीट ही खात्री नव्हे. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये एका नामांकित कंपनीला झुकिनीच्या बियांची पाकिटं परत मागवावी लागली होती, कारण तेच, फळं कडू. आणि गावठी वाण पाकिटात मिळत नाहीत. ते माणसामाणसांतूनच टिकतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तो अशाच घरोघरीच्या बियांच्या जतनासाठी. त्यांच्याकडच्या वाल-घेवड्याच्या वाणांचं कौतुक होतं, तेव्हा एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वालाचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. शेजारी दुसरा वाल असला तरी बी बऱ्यापैकी शुद्ध राहतं.

म्हणजे पीक बघून नियम बदलायला हवा. वाल, घेवडा, वाटाणा, चवळी, मेथी, टोमॅटो यांचं बी खुशाल द्यावं. मिरची आणि वांगं मधल्या गटातली, मधमाश्या फिरत असतील तिथे एखादं-दुसरं रोप वेगळं निघतं, पण त्यात धोका काही नाही, फार तर लवंगी मिरची जरा सौम्य होईल. मका, मुळा, पालक शहरात शुद्ध ठेवणं जवळपास अशक्य, पण त्यांनीही कुणी दवाखान्यात जात नाही. धोका खरा आहे तो दुधी, दोडका, घोसाळं, काकडी, लाल भोपळा यांचा. दोडका आणि घोसाळं एकमेकांत मिसळतात हे अनेकांना माहीत नव्हतं. त्यांचं बी आता आमच्याकडे फक्त बांधलेल्या फुलाचंच घेतलं जातं.

पुडीवरचा मजकूरही बदलला. आधी असायचं: "गावठी दुधी, गोड, मिरज". त्यातला "गोड" हा शब्द खरा असूनही निरुपयोगी होता. आता लिहायचं असतं: कोणत्या हंगामातलं बी, फूल बांधलेलं की मोकळं, आणि त्या वेळी नजरेच्या टप्प्यात दुसरा कोणता दुधी किंवा भोपळा फुलला होता. आणि खाली ठळक: पहिल्या फळाची चकती चाखा, कडू असेल तर थुंका, वेल काढा. हे शेवटचं वाक्य पाकिटातल्या बियांच्या वेलालाही लागू आहे.

कारागिराच्या खड्ड्याचं काय, हा प्रश्न राहिला होता. काकूंनीच तो सोडवला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा त्या भिंतीपलीकडे डोकावतात, रोप दिसलं की कारागिराच्या सुनेला हाक मारतात, ती उपटून टाकते. एकदा रोप उपटायचं राहिलं आणि वेल भिंतीवर आला. त्या वर्षी काकूंनी दुधीचं बी धरलंच नाही.

या संक्रांतीला बांधलेल्या फुलांच्या पुड्या गेल्या. कोथरूडच्या ताईंनी वाल मागितला, दुधी नको म्हणाल्या, आणि त्यांना कुणी आग्रह केलेला नाही.